गाडी पेट्रोल जास्त पिते?

मैत्रिणींनो, निफाडच्या थंडीत जुनी गाडी चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही. चोकने हवा कमी होते, पेट्रोल जास्त जातं. तो तसाच ओढलेला राहिला, तर बाजाराला जाईपर्यंत पैसे धुरात.

चोक बंद असूनही धूर काळा आणि प्लगवर काजळी दिसली, तर आधी एअर फिल्टर काढा. शिवाररस्त्याची धूळ तिथेच बसते. कागदी फिल्टर धुवायचा नाही, खराब झाला तर बदलायचा.

मग कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू. (कुठे असतो ते गॅरेजवाल्याला एकदा दाखवायला लावा. ‘ट्यूनिंग करून द्या’ एवढ्यावर भागवू नका.) गाडी उघड्यावर चालू ठेवून तापू द्या. स्क्रूवर खूण करा. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवा. इंजिन सगळ्यात जलद आणि एकसारखं वाजेल तिथे थांबा. वाढलेली रेस दुसऱ्या स्क्रूने कमी करा. जमलं नाही, तर खुणेवर परत. पेट्रोल फारच कमी केलं तर इंजिन तापतं, झटके देतं. शेवटपर्यंत घट्टही पिळू नका, टोक खराब होतं.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा इंजेक्शन असतं. तिथे पेट्रोलचं माप आतला छोटा संगणक ठरवतो. त्यांना हात लावू नका.