सिकलसेल: हिमोग्लोबिनमधल्या एका चुकीच्या स्पर्शाचा माग कसा लागला?

सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन आणि निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन यांची तुलना केली, तर फरक अगदीच किरकोळ दिसतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सिकलसेलमध्ये त्यातलं फक्त सहावं बदललेलं असतं. बाकीची १४५ जशीच्या तशी.

मग एवढ्याशा बदलाने गोल लाल रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी का होते? रुग्णाला असह्य वेदना का होतात, रक्त पुन्हा पुन्हा का कमी होतं?

याचं उत्तर मिळवण्यासाठी शास्त्रज्ञांना एक साधा वाटणारा प्रश्न विचारावा लागला: प्रोटीनमधलं कोणतं अमिनो आम्ल कोणाला टेकतं? या अभ्यासाला 'कॉन्टॅक्ट अ‍ॅनालिसिस' म्हणजेच संपर्कांचं विश्लेषण म्हणतात. सिकलसेलवरच्या एका जीन थेरपीची मुळं याच अभ्यासात आहेत.

प्रोटीनमध्ये 'संपर्क' म्हणजे काय?

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवलेली माळ. पण ही माळ सरळ राहत नाही. ती स्वतःभोवती गुंडाळली जाते आणि तिला ठरावीक आकार येतो.

माळ गुंडाळली गेली की एकमेकांपासून दूर असलेले मणी जवळ येतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत ६३ व्या आणि ९२ व्या जागी हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल असतं. माळेत या दोघांमध्ये २८ मणी आहेत. तरीही प्रत्यक्ष आकारात दोघंही लोह असलेल्या 'हीम'च्या दोन बाजूंना उभी असतात. ऑक्सिजन याच हीमला चिकटतो.

म्हणजे मण्यांचा क्रम माहीत असला तरी काम भागत नाही. कोण कोणाच्या शेजारी आहे, हे कळायला हवं.

हे मोजतात कसं?

प्रोटीनचा स्फटिक तयार करून त्यावर क्ष-किरण सोडले की त्यातल्या अणूंच्या जागा काढता येतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या मदतीनेही हे करता येतं. अशा रचना १९७१ पासून 'प्रोटीन डेटा बँक' या खुल्या संग्रहात जमा होत आहेत. आज तिथे दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि त्या कोणालाही मोफत पाहता येतात.

प्रत्येक रचनेच्या फाइलमध्ये प्रत्येक अणूसाठी तीन आकडे असतात: लांबी, रुंदी आणि उंचीच्या दिशेने तो कुठे आहे. हे आकडे अँगस्ट्रॉममध्ये असतात. एका सेंटीमीटरमध्ये १० कोटी अँगस्ट्रॉम मावतात.

पुढचं गणित शाळेतलंच, पायथागोरसचं. समजा एक अणू (१०, १२, ५) या जागी आहे आणि दुसरा (१३, १६, ५) या जागी. फरक ३, ४ आणि ० आला. त्यांचे वर्ग ९, १६ आणि ०. बेरीज २५. वर्गमूळ ५. म्हणजे दोन अणूंमधलं अंतर ५ अँगस्ट्रॉम.

मग एक मर्यादा ठरवायची. दोन अमिनो आम्लांचे कोणतेही दोन अणू साधारण ४ ते ५ अँगस्ट्रॉमच्या आत आले, तर तो संपर्क धरतात. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक अमिनो आम्लातला एकच ठरावीक कार्बन अणू घेतात आणि मर्यादा ८ अँगस्ट्रॉम ठेवतात. माळेतले लगतचे मणी एकमेकांना जोडलेलेच असल्याने ते मोजणीतून वगळतात.

शेवटी एक चौकटींचा तक्ता तयार होतो. बीटा साखळीसाठी १४६ ओळी आणि १४६ रकाने, म्हणजे २१,३१६ चौकटी. जिथे संपर्क आहे तिथे ठिपका. याला 'कॉन्टॅक्ट मॅप' म्हणतात. सरावलेल्या नजरेला त्यात साखळीचे मळसूत्रासारखे पीळ कुठे आहेत आणि कोणते पीळ एकमेकांना टेकलेत, हे दिसतं.

सहाव्या जागी नेमकं काय बिघडतं?

सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या दोषाचा आजार आहे, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. पुढे १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमका बदल शोधला. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन आलेलं होतं.

ग्लुटामिक अ‍ॅसिडवर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला पाण्यात राहायला आवडतं. व्हॅलिनचं उलट आहे. ते तेलाच्या थेंबासारखं पाणी टाळतं. पण सहावी जागा रेणूच्या बाहेरच्या बाजूला आहे, चहूकडे पाणीच पाणी. मग हे व्हॅलिन जातं कुठे?

यासाठी एका रेणूच्या आतले संपर्क पाहून भागत नाही, दोन शेजारी रेणूंमधले संपर्क पाहावे लागतात. सिकल हिमोग्लोबिनच्या स्फटिकांमध्ये उत्तर सापडलं. एका रेणूचं सहावं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतल्या एका खळग्यात जाऊन बसतं. त्या खळग्यात ८५ व्या जागचं फेनिलअ‍ॅलनिन आणि ८८ व्या जागचं ल्युसिन असतं. ही दोन्हीही पाणी टाळणारी. तिघांचं जमतं.

हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार बदलतो आणि ही जुळणी त्या आकारातच नीट होते. रेणूला रेणू लागत जातो आणि १४ पदरांचे लांब तंतू तयार होतात. हे कडक तंतू पेशीला आतून ताणतात. वाकडी, ताठर झालेली पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि वेदना सुरू होतात.

जवळ असणं म्हणजे जबाबदार असणं का?

नाही, आणि इथेच काळजी घ्यावी लागते. अंतराची मर्यादा माणसाने ठरवलेली असते. ती ४ वरून ५ अँगस्ट्रॉम केली की यादी लांबते. शिवाय स्फटिकात रेणू दाटीवाटीने रचलेले असतात. त्यामुळे शरीरात कधीच न होणारे काही स्पर्शही तक्त्यात येऊ शकतात.

म्हणून तक्त्यातला संपर्क हा फक्त संशयित असतो. पुरावा वेगळा शोधावा लागतो. सिकलसेलमध्ये निसर्गानेच एक पुरावा दिला. 'हिमोग्लोबिन सी' या प्रकारात त्याच सहाव्या जागी लायसिन असतं. लायसिनवर विद्युतभार असतो आणि ते पाण्यात रमतं. या हिमोग्लोबिनचे सिकलसारखे तंतू होत नाहीत. म्हणजे सहावी जागा बदलली एवढंच कारण पुरेसं नाही. तिथे कोण आलं, हे महत्त्वाचं.

बाळाच्या रक्तात दडलेलं उत्तर

सिकलसेल असलेल्या बाळाला जन्मानंतरचे पहिले काही महिने सहसा त्रास होत नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी याचं श्रेय गर्भातल्या हिमोग्लोबिनला दिलं. हे हिमोग्लोबिन जन्मानंतर हळूहळू कमी होतं आणि मग आजार डोकं वर काढतो.

गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळी असते. दोन्ही साखळ्या शेजारी ठेवल्या, तर ८७ व्या जागी एक लक्षणीय फरक दिसतो. बीटामध्ये तिथे थ्रिओनिन असतं, तर गॅमामध्ये ग्लुटामिन. हे ग्लुटामिक अ‍ॅसिडपेक्षा वेगळं अमिनो आम्ल आहे. आणि ८७ वी जागा त्या खळग्याला, म्हणजे ८५ आणि ८८ ला, अगदी लागून आहे. तिथे ग्लुटामिन आलं की शेजारच्या रेणूशी जुळणी नीट होत नाही आणि तंतू वाढत नाही.

८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या औषध नियामकाने सिकलसेलसाठी दोन जीन थेरपींना मंजुरी दिली. त्यातली 'लिफजेनिया' याच एका जागेवर उभी आहे. रुग्णाच्या मूळपेशींमध्ये अशा बीटा साखळीचं जनुक सोडलं जातं, जिच्या ८७ व्या जागी थ्रिओनिनऐवजी ग्लुटामिन आहे. दुसरी थेरपी 'कॅसजेव्ही' शरीरात गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लावते.

अडचण किमतीची आहे. अमेरिकेत लिफजेनियाची जाहीर किंमत ३१ लाख डॉलर, तर कॅसजेव्हीची २२ लाख डॉलर आहे. त्या मानाने खूप स्वस्त असलेली हायड्रॉक्सियुरियाची गोळीही बऱ्याच रुग्णांमध्ये गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण वाढवते. म्हणजे वार होतो तो त्याच जुळणीवर.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरात झाली. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, गोंदिया, नंदुरबार अशा जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी समाजात, हा आजार आढळतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचं आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन करण्याचं उद्दिष्ट आहे.

तपासणीत अनेक ठिकाणी आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. रक्ताचा थेंब ऑक्सिजन काढून घेणाऱ्या द्रावणात टाकतात. नळीच्या मागे धरलेल्या ओळी स्पष्ट दिसल्या, तर सहसा सिकल हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ झालं आणि ओळी दिसेनाशा झाल्या, तर ते आहे. ऑक्सिजन जाताच सहावं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खळग्यात शिरतं, रेणू एकमेकांना चिकटतात आणि पाण्यात विरघळेनासे होतात. गढूळपणा येतो तो त्यामुळेच.

मात्र वाहक आणि रुग्ण अशा दोघांच्याही रक्ताने द्रावण गढूळ होतं. वाहक सहसा निरोगी असतो, पण आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून नळी गढूळ झाली तर तिथेच थांबायचं नसतं. इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची चाचणी झाल्यावरच वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे सांगता येतं.