भार उचलण्यापूर्वी अंग मोकळे करणे : स्नायूंच्या दुखापती आणि शिक्षकांचे कर्तव्य



पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांच्या परिसरातील शाळांना भेटी देत असता एक गोष्ट वारंवार नजरेस येते. वरच्या वर्गांतील मुलांना, व त्यांच्या थोरल्या भावांना, वजने उचलण्याची मोठी हौस लागली आहे. पूर्वी ही हौस तालमीत भागत असे. आता गावोगावी 'जिम' निघाल्या आहेत. हौस चांगलीच आहे. परंतु तिच्याबरोबर 'कमरेत उसण भरली', 'मांडीत चमक निघाली', 'खांदा धरला' अशा तक्रारीही वाढत्या प्रमाणात कानी येतात. मुले या तक्रारी घेऊन प्रथम शिक्षकांकडेच येतात. सबब या विषयाची शास्त्रीय माहिती आपणांस असणे अगत्याचे आहे.

प्रथम स्नायूला दुखापत होते म्हणजे काय होते, ते पाहू. स्नायू हा असंख्य बारीक तंतूंचा जुडगा होय. तो आखडत असतानाच त्यास जोराने ताणले, तर काही तंतू तुटतात. धावताना पाय पुढे फेकला जातो, त्या क्षणी मांडीच्या मागील स्नायूवर असाच दुहेरी ताण येतो. म्हणून धावपटूची तीच जागा अधिक दुखावते. थोडे तंतू तुटल्यास दुखते, पण हालचाल चालू राहते. ही पहिली पायरी. पुष्कळ तुटल्यास सूज येते, रक्त साकळून जागा काळीनिळी पडते व जोर लागत नाही, ही दुसरी. स्नायू पूर्ण तुटल्यास त्या जागी खळगा लागतो व तो अवयव आपले काम सोडतो, ही तिसरी. याउलट नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळे अंग आंबते, ती दुखापत नव्हे. ते दुखणे चार-पाच दिवसांत आपोआप जाते. हा भेद मुलांना समजावून द्यावा, म्हणजे ती विनाकारण भिणार नाहीत व खरी दुखापत लपवणारही नाहीत.

आता पूर्वव्यायामाचा उपयोग काय, ते पाहू. थिजलेले तूप भांड्यातून हलत नाही, तेच किंचित ऊब लागताच वाहू लागते. स्नायूंचे काहीसे असेच आहे. हलक्या हालचालींनी स्नायूंत रक्त अधिक खेळते, त्यांचे तापमान वाढते, त्यांचा ताठरपणा उणावतो व मज्जातंतूंचे संदेश त्यांच्यापर्यंत लवकर पोहोचतात. आपल्या तालमींतील वस्तादांना हे अनुभवाने ठाऊक होते. पहिलवान आखाड्यात उतरताच कुस्तीला भिडत नाही. आधी फावड्याने हौदाची माती खणतो, जोर-बैठका काढतो, मग हात मिळवतो. नॉर्वे देशात १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १९०० फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर झालेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. धावणे, तोल सांभाळणे व स्नायूंना बळकटी आणणे अशा सुमारे वीस मिनिटांच्या ठरावीक पूर्वव्यायामामुळे त्या मुलींतील दुखापती सुमारे एकतृतीयांशाने घटल्या, असे त्यात आढळले.

तथापि पूर्वव्यायाम म्हणजे अभेद्य कवच नव्हे. सांगलीचा संकेत सरगर याचे उदाहरण पाहा. २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ५५ किलो गटात त्याने ११३ व १३५ असे एकूण २४८ किलो वजन उचलले. पुढे १३९ किलो उचलताना त्याच्या कोपराला दुखापत झाली व अवघ्या एका किलोच्या फरकाने सुवर्णपदक हुकून त्यास रौप्यपदक मिळाले. इतक्या तयारीच्या मल्लालाही शक्तीच्या सीमेवर धोका असतो. मग मुलांना त्या सीमेपर्यंत नेण्याचे प्रयोजनच काय? वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चा कोवळ्या असतात. अति ओढीने स्नायू तुटण्याऐवजी तेथील हाडाचा कपचाही निघू शकतो. वजने उचलल्याने उंची खुंटते, ही मात्र समजूत निराधार आहे. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, हलक्या भाराने व योग्य पद्धतीने मुलांनी हा व्यायाम करण्यास हरकत नाही. 'एकदाच, पण सर्वांत जड' अशी चढाओढ मात्र वाढ पुरी होईपर्यंत वर्ज्य समजावी.

शाळेत खेळाच्या तासापूर्वी दहा मिनिटे पुढीलप्रमाणे द्यावीत. पहिली तीन मिनिटे झपाझप चालणे व मग संथ धावणे. पुढील तीन मिनिटे खांदे, कंबर व घोटे फिरवणे, पाय पुढे-मागे झुलवणे, हळू बैठका. शेवटची चार मिनिटे त्या दिवशीच्या खेळाच्या हालचाली, प्रथम निम्म्या वेगाने व नंतर पाऊण वेगाने. एकाच स्थितीत बराच वेळ ताणून धरण्याचे व्यायाम खेळानंतर घ्यावेत. आधी घेतल्यास स्नायूंचा जोर काही काळ कमी होतो. पूर्वव्यायामानंतर पाऊण तास भाषणे ऐकवून मुलांना धावावयास लावू नये, कारण पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ बसल्यास अंगातील ऊब बरीचशी ओसरते. खो-खोमध्ये पाटीवर बसलेला गडी 'खो' मिळताच एकदम उसळतो, त्यामुळे त्या खेळात हा पूर्वव्यायाम विशेष आवश्यक आहे.

जिममध्ये जाणाऱ्या तरुणांस सांगावे, की चाळीस किलो उचलावयाचे असल्यास आधी वीस किलोची नुसती दांडी आठ-दहा वेळा, मग तीस किलो पाच वेळा, मग पस्तीस किलो दोन वेळा, आणि नंतर चाळीस. चाकणच्या बाजारात कांद्याची गोणी उचलणाऱ्या हमालासही हाच न्याय लागू आहे. भार अंगाजवळ धरावा, गुडघे वाकवून उठावे आणि उचलताना कंबर पिळू नये.

दुखापत झालीच, तर खेळ तत्काळ थांबवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा ते पंधरा मिनिटे लावावा. बर्फ नसल्यास गार पाण्याची घडी ठेवावी. बेताची पट्टी बांधून तो अवयव उंच ठेवावा. पहिले दोन दिवस चोळणे, शेकणे वा गरम लेप लावणे टाळावे. त्याने आतील रक्तस्राव वाढण्याचा संभव असतो. नंतर मात्र निजवून न ठेवता, दुखणार नाही इतपत हालचाल हळूहळू सुरू करावी. 'कट्' असा आवाज झाला, पाय टेकवत नसेल, खळगा वा वाकडेपणा दिसला, किंवा बधिरपणा आला, तर विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.

एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. सवय नसता एकदम शेकडो उठाबशा काढल्यास स्नायू विरघळून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडांस अपाय करतात. लघवी काळसर तपकिरी होणे ही त्याची खूण. असे दिसल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. उठाबशांची शिक्षा ही म्हणूनच केवळ कायद्याविरुद्ध नव्हे, तर धोक्याचीही आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे, हे आपण जाणताच.

अखेरीस स्वतःचा एक प्रमाद सांगतो. नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत पौष महिन्यातील एका सकाळी मी मुलांना अर्धा तास ओळीत उभे करून उपदेश केला आणि लगेच शंभर मीटरची शर्यत लावली. वर्गातील सर्वांत चपळ मुलगा निम्म्या वाटेत मांडी धरून खाली बसला. मी त्यास धीर देत ती मांडी तेलाने जोरजोराने चोळली. सायंकाळपर्यंत ती सुजून काळीनिळी झाली. तालुक्याच्या स्पर्धेची त्याची संधी गेली. पुढील वर्षी तो धावावयास आलाच नाही. त्याने मला कधी दोष दिला नाही, पण दोष माझाच होता. दहा मिनिटे वाचवण्याच्या घाईत मी त्याचा खेळ घालवला.

ही दहा मिनिटे आपल्या वेळापत्रकात कायमची राखून ठेवावीत व शिक्षकाने स्वतः मुलांबरोबर मैदानात उतरून हे व्यायाम करावेत, अशी माझी आपणा सर्वांस आग्रहाची विनंती आहे.