कोर्टातून मंत्रिपदाकडे (भाग ४) : गोखल्यांचं वकीलपत्र

१९७१ साली वायव्य मुंबईने, म्हणजे अंधेरीच्या बाजूच्या पश्चिम उपनगरांनी, एक नाणावलेला कायदेपंडित लोकसभेत पाठवला. एच. आर. गोखले मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. ते पद स्वतःहून सोडून ते पुन्हा वकिलीत उतरले आणि पुढे राजकारणात आले. इंदिरा गांधींनी त्यांना कायदामंत्री केलं. १९७७ पर्यंत ते खातं त्यांच्याकडेच होतं.

त्या सहा वर्षांत त्यांच्या हातून बरंच काही झालं, पण मला त्यातले चार दिवस फार महत्त्वाचे वाटतात.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिराबाईंची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयात त्यांचे वकील होते नानी पालखीवाला. २५ जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. मंत्रिमंडळाला ती दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बैठकीत कळवली गेली. पालखीवालांनी लगेच वकीलपत्र परत केलं. गोखले मंत्रिमंडळातच राहिले.

अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला होती. ७ तारखेला गोखल्यांनी एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती लोकसभेत मांडली आणि ती त्याच दिवशी मंजूर झाली. ८ ला राज्यसभा, ९ ला शनिवार असूनही राज्यांच्या विधानसभा, १० ला राष्ट्रपतींची सही. पंतप्रधानांच्या निवडणुकीला कोर्टात आव्हान देता येणार नाही, आणि आधी लागलेला निकालही रद्द समजायचा, असं त्यात होतं. म्हणजे खटला चालू असतानाच एका पक्षकाराचा विजय थेट राज्यघटनेत लिहून ठेवला गेला. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद फेटाळली. निवडणूक मात्र वैध ठरली, कारण निवडणूक कायदाही तोवर मागच्या तारखेपासून बदलून घेतलेला होता.

असा मसुदा सभागृहापुढे ठेवताना त्यात काय आहे हे इतर मंत्र्यांना कदाचित उमगलं नसेल. न्यायासनावर बसलेल्या माणसाला ते उमगलं नसेल, हे मी मानायला तयार नाही. वकिलाने अशिलासाठी जिवाचं रान करावं, तो त्याचा धर्मच आहे. पण मंत्री शपथ घेतो ती राज्यघटनेची. गोखल्यांनी सरकारलाच अशील मानलं. बेचाळिसावी घटनादुरुस्तीही १९७६ मध्ये त्यांनीच मांडली. तिच्यात ५९ कलमं होती, आणि घटनादुरुस्त्यांना कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येऊ नये, असंही तिने ठरवलं.

मार्च १९७७ मध्ये ते पुन्हा वायव्य मुंबईतून उभे राहिले. समोर होते राम जेठमलानी. फाळणीनंतर सिंधमधून मुंबईत आलेले, बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष, आणीबाणीवर उघड टीका केल्यामुळे अटक वॉरंट निघालेले आणि शेवटी परदेशात आश्रय घ्यावा लागलेले फौजदारी वकील. देशाचा कायदामंत्री त्यांच्याकडून हरला. उत्तर मुंबईत मृणाल गोरे जिंकल्या, मुलुंड-घाटकोपरकडच्या ईशान्य मुंबईत सुब्रमण्यम स्वामी. मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने एकोणचाळिसावीतली पंतप्रधानांच्या निवडणुकीबद्दलची ती तरतूद घटनेतून काढून टाकली.

जेठमलानी १९९९ मध्ये स्वतः कायदामंत्री झाले आणि सरन्यायाधीशांशी झालेल्या वादातून जुलै २००० मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. पुढचा भाग त्यांच्यावर.