परिचारिकेची उमेदवारी

रुग्णसेवेचा कोणताही पूर्वानुभव नसताना परिचर्येचा व्यवसाय पत्करता येईल काय, असा प्रश्न शालेय शिक्षण संपविणाऱ्या तरुण-तरुणींच्या आणि त्यांच्या पालकांच्या मनात हटकून उद्भवतो. त्याचे उत्तर होकारार्थी आहे. या व्यवसायात प्रवेश करणाराकडून पूर्वानुभवाची अपेक्षा केली जात नाही; परंतु अनुभव मिळविण्याची एक रीत ठरून गेलेली आहे.

ही रीत घालून देण्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा वाटा मोठा आहे. 1851 मध्ये त्यांनी स्वतः जर्मनीतील कैसर्सवर्ट येथे सुमारे तीन महिने शिक्षण घेतले होते. क्रिमियाच्या युद्धात, 1854 साली, स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात त्या गेल्या, तेव्हा अडाणी हातांनी केलेल्या सेवेचे परिणाम त्यांना जवळून पाहावयास मिळाले. पुढे 1860 मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने शाळा निघाली. तेथील उमेदवार स्त्रिया वर्षभर रुग्णकक्षातच, अनुभवी परिसेविकांच्या नजरेखाली, काम करीत शिकत. वर्ग आणि रुग्णकक्ष यांची ही जोड आजही परिचर्याशिक्षणाचा कणा आहे.

भारतात या व्यवसायाची तीन मुख्य प्रवेशद्वारे आहेत. सहायक परिचारिका-प्रसाविका हा स्त्रियांसाठी असलेला अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्याचा रोख ग्रामीण आरोग्यसेवेकडे असतो. जनरल नर्सिंगची पदविका तीन वर्षांची आहे. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यासाठी बारावीला विज्ञान शाखेचे विषय घेतलेले असावे लागतात. पदविका व पदवी यांना पुरुषांनाही प्रवेश मिळतो. शिक्षण संपल्यावर राज्याच्या परिचर्या परिषदेत नाव नोंदविल्याखेरीज व्यवसाय करता येत नाही. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला मान्यता आहे किंवा नाही, हे प्रथम पडताळून पाहावे. त्याचबरोबर विद्यार्थ्यांना कोणत्या रुग्णालयात काम मिळते आणि तेथे रुग्णांची वर्दळ कितपत असते, याचीही चौकशी करावी. ज्या संस्थेच्या खाटा रिकाम्या, तिचा विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडला तरी अनुभवाला पारखाच राहतो.

प्रत्यक्ष शिक्षण पायरीपायरीने चालते. विद्यार्थी आरंभी प्रयोगकक्षातील पुतळ्यावर सराव करतो. शय्या नीट करणे, ताप व नाडी पाहणे, रक्तदाब मोजणे, रुग्णाला कूस बदलावयास मदत करणे ही कामे त्याला प्रथम शिकविली जातात. रुग्णकक्षात आल्यावर तो आधी नुसते पाहतो, नंतर हाताखाली मदत करतो, मग शिक्षिकेच्या देखत स्वतः करतो आणि अखेरीस त्याच्यावर काम सोपविले जाते. या क्रमातील एखादी पायरी गाळली गेली, तर तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

तथापि परीक्षा उत्तीर्ण होताच परिचारिका परिपूर्ण होते, असे नाही. अमेरिकेतील परिचर्यातज्ज्ञ पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नवशिक्या अवस्थेपासून निष्णात अवस्थेपर्यंत पाच टप्पे वर्णिले आहेत. एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे गेल्यावर सक्षमता येते, असे त्यांचे निरीक्षण आहे. एका उदाहरणावरून हा भेद ध्यानात येईल. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाची नाडी हळूहळू जलद होऊ लागली, पण रक्तदाब मात्र अजून ठीक आहे, असे समजा. नवी परिचारिका दोन्ही आकडे तक्त्यात बिनचूक भरील. अनुभवी परिचारिकेला मात्र त्याच आकड्यांत आतल्या आत होणाऱ्या रक्तस्रावाची शंका येईल; कारण शरीर प्रथम नाडीचा वेग वाढवून तोल सांभाळते आणि रक्तदाब पुष्कळदा मागाहून उतरतो. ती लगेच डॉक्टरांना बोलावील. मधला हा अवधी रुग्णाच्या जीविताचा असतो.

मग नव्या परिचारिकेने ही उणीव कशी भरून काढावी? तिच्यासाठी नियम हाच मोठा आधार होय. औषध देताना रुग्ण, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ या पाच गोष्टी दर वेळी पडताळाव्यात. दूरध्वनीवरून सूचना मिळाल्यास ती लिहून घेऊन पुन्हा वाचून दाखवावी. पाळी बदलताना प्रत्येक रुग्णाची हकीकत पुढील परिचारिकेच्या स्वाधीन करावी. आणि शंका आली की विचारावे, मग ती मध्यरात्रीची वेळ का असेना. विचारण्यात कमीपणा मानणारी नवी परिचारिका ही अज्ञानी परिचारिकेहून अधिक धोक्याची असते.

नोकरीच्या शोधात अनुभवाची अट पुष्कळदा आडवी येते. अनुभवावाचून नोकरी नाही आणि नोकरीवाचून अनुभव नाही, अशी ही कोंडी असते. अशा वेळी शिक्षणकाळात कोणकोणत्या कक्षांत किती काम केले, याची नीट ठेवलेली नोंदवही उपयोगी पडते. पहिली जागा निवडताना वेतनाइतकेच महत्त्व, हाताशी ज्येष्ठ परिचारिका असेल किंवा नाही या गोष्टीला द्यावे. नवख्या परिचारिकेला पहिल्याच आठवड्यात रात्रपाळीला एकटी ठेवणारे रुग्णालय तिच्यावर आणि रुग्णावर सारखाच अन्याय करते. आज ज्या ज्येष्ठ परिचारिकेकडे आपण विश्वासाने पाहतो, तिचाही हात पहिले इंजेक्शन देताना कापला असेल. त्या वेळी तिच्या शेजारी कोणीतरी उभे होते, म्हणूनच ती पुढे शिकू शकली.