जाणाऱ्यांचा फाटा, राहणाऱ्यांचं गाव

१८५६ साली मुंबईहून निघालेली आगगाडी खोपोलीला येऊन थांबायची. पुढे घाट होता आणि घाटात रूळ नव्हते. १८५८ साली वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला बोरघाट तसाच राहिला. मग खोपोलीला उतरायचं, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी ठरवायची आणि घाट चढून खंडाळ्याला दुसरी गाडी धरायची. भाड्याची घासाघीस, मुक्काम, जेवण, जनावरांचा चारा, सगळं खालीच. १८६३ साली पळसदरीकडून थेट घाट चढणारे रूळ तयार झाले आणि खोपोली एका फांदीचं टोक होऊन राहिली. कर्जतहून पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत लोकल आजही त्या टोकाला येते आणि परत फिरते. ज्या गावी थांबल्याशिवाय दख्खन गाठता येत नव्हतं, त्या गावाला वळसा घालून लोक जाऊ लागले. खालापूर तालुक्याची त्यानंतरची दीडशे वर्षं मला त्याच गोष्टीची पुढची प्रकरणं वाटतात.

शिळफाटा हे त्यातलं रोज बघायला मिळणारं प्रकरण. घाट उतरून आलेला जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि पाली-पेणकडे सुटणारा रस्ता इथे भेटतात. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला तेव्हा जुना रस्ता मोकळा होईल, असं सगळ्यांना वाटलं होतं. टोल चुकवणारे ट्रक, कारखान्यांचे कंटेनर, अष्टविनायकाच्या बसगाड्या आणि शनिवार-रविवारी इमॅजिकाकडे निघालेल्या मोटारी मिळून तो पुन्हा भरला. संध्याकाळी पाळी सुटली की कंपनीच्या बसमधून माणसं उतरतात आणि पलीकडच्या सहा आसनी रिक्षेपर्यंत जायला वाट बघत उभी राहतात. गाड्यांच्या रांगेत जरा फट दिसली की एकजण हात दाखवत पुढे होतो आणि बाकीचे त्याच्या मागून पळतात. शाळेची पोरं, भाजीची पिशवी घेतलेल्या बायका, काठीवाले आजोबा, सगळ्यांची तीच पद्धत. पावसाळ्याच्या तोंडावर ठाकर-कातकरी बायका शेवळं आणि काकडं घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. कड म्हणजे डांबर संपतं आणि गटार सुरू होतं त्यामधली हातभर जागा. गिऱ्हाईक बहुतेक मोटारीतलं. काच खाली होते, भाव होतो, काच वर जाते.

राहण्याजोगी शहरं कोणती, याच्या याद्या आता नेमानं निघतात. लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ समूहाची यादी पावणेदोनशेच्या आसपास शहरांना स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा या पाच सदरांत गुण देते. २०२२ ते २०२४ सलग तीन वर्षं तिथे व्हिएन्ना पहिलं होतं, २०२५ साली कोपनहेगननं ती जागा घेतली. मुंबई-दिल्ली शंभराच्या बऱ्याच पुढे असतात. आपल्या केंद्र सरकारनं २०१८ साली १११ शहरांची अशीच यादी काढली. तिच्यात पुणं पहिलं, नवी मुंबई दुसरी आणि मुंबई तिसरी. महाराष्ट्रानं तेव्हा पाठ थोपटून घेतली, त्यात वावगं काही नाही. पण कर्जत-खालापुरात बसून ती यादी वाचली की वेगळंच काही दिसतं. यादीतल्या पहिल्या शहराला पुढच्या दोन शहरांशी जोडणारे मुख्य रस्ते आणि रूळ आमच्या अंगणातून जातात, आणि त्यातल्या दोन शहरांचे गुण आमच्या डोंगरांवरून खाली वाहत गेलेले आहेत.

वाहत, हे शब्दशः. लोणावळ्याच्या अंगाला वळवण, शिरवता ही धरणं बांधून टाटांनी तिथलं पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीत सोडलं आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये इथली वीज मुंबईला पोचली. कल्पना जमशेटजींची, पण ते १९०४ सालीच गेले. काम पुरं केलं दोराबजींनी. गिरणगावातल्या गिरण्यांची चाकं कोळशाऐवजी घाटावरच्या पावसावर फिरू लागली. पाठोपाठ कर्जत तालुक्यात भिवपुरी उभी राहिली, १९२२ साली. दक्षिणेला भिऱ्याचं केंद्र १९२७ चं. त्याच्या मुळशी धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून सत्याग्रह झाला, तो इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. खोपोलीचं पाणी वीज करून झाल्यावर पाताळगंगेत पडतं, म्हणून कोकणातल्या बाकीच्या नद्या चैत्रात खडक दाखवू लागतात तेव्हाही पाताळगंगा वाहती असते. तिच्या काठी रसायनीपर्यंत कारखान्यांची रांग का लागली, त्याचं एक कारण तेच. भिवपुरीचं सुटलेलं पाणी उल्हास नदीत जातं आणि बदलापूरपासून कल्याणपर्यंतच्या वस्तीची तहान भागवायला हातभार लावतं.

आणि मोरबे. चौक गावाच्या वर, माथेरानच्या पायथ्याशी, धावरी नदीवर बांधलेलं हे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे. ठाणे जिल्ह्यातल्या एका शहराचं धरण रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात. नवी मुंबईतल्या घराची जाहिरात करताना दलाल ‘पाण्याचा प्रॉब्लेम नाही’ हे वाक्य हमखास म्हणतो. ते वाक्य मोरब्याच्या भिंतीवर उभं आहे. कर्जत-खालापूरच्या डोंगरातल्या वाड्यांत मात्र एप्रिल-मे म्हटला की हंडे, लांबची विहीर आणि टँकर. पाऊस तोच, डोंगर तोच. फक्त पाणी वर थांबत नाही आणि खाली गेल्यावर ते दुसऱ्याचं असतं.

या धरणाच्या डोक्यावर इरशाळगड आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या उतारावरची इरशाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर लोकांची वाडी. वर जायला रस्ता नव्हता, पायवाट होती, त्यामुळे यंत्रं चढवता आली नाहीत आणि जवानांना हातांनी, कुदळी-फावड्यांनी माती उपसावी लागली. २७ मृतदेह मिळाले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा ५७ माणसं बेपत्ता होती. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हतीच. वाचलेल्यांसाठी सिडकोनं चौकजवळ घरं बांधली. त्या कामाबद्दल कुरकुर करण्याचं कारण नाही, पण त्याआधी कितीतरी वर्षं त्या पायवाटेखालून एका नावाजलेल्या शहराचं पाणी जात होतं आणि वाडीपर्यंत मात्र रस्ता पोचला नव्हता.

इथे व्हिएन्नाची गंमत सांगितली पाहिजे. त्या शहराचं पाणीही डोंगरातूनच येतं. आल्प्समधल्या झऱ्यांपासून पहिला जलमार्ग १८७३ साली आणि दुसरा १९१० साली बांधला. वाटेत त्या पाण्यावर वीजही होते, म्हणजे आपलंच सूत्र. पण शहरानं झऱ्यांभोवतीचं रानही स्वतःच्या ताब्यात घेतलं आणि आजतागायत महापालिकाच ते सांभाळते. नळाचं तोंड आणि नळाचं मूळ दोन्ही एकाच महापालिकेच्या काळजीत. आपल्याकडे धरण महापालिकेचं, रान वनखात्याचं, वाडी ग्रामपंचायतीची आणि दरड कुणाचीच नाही. राहण्याजोग्या शहराची यादी करणाऱ्यांनी एक सहावं सदर काढावं असं मला वाटतं: शहर ज्यांच्याकडून घेतं त्यांच्याकडे काय ठेवतं? त्या सदरात आपल्या तिन्ही शहरांना उत्तीर्ण करायला मी तरी धजणार नाही.

जिथे जाणारं थोडं थांबतं, तिथे काय होतं याचा नमुना बघायला लांब जायला नको. कर्जत स्टेशनवर घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं जोडावी लागतात, म्हणून गाडी काही मिनिटं उभी राहते. त्या मिनिटांवर दिवाडकरांचा वडा मोठा झाला. दुसरा नमुना साजगावचा. कार्तिकात इथे बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. विठोबाच्या दारात सुक्या मासळीचा बाजार, आणि त्याला कुणाची ना नाही. तुकोबा मिरचीच्या व्यापारासाठी इकडे उतरायचे, अशी कथा सांगतात. देशावरची घोंगडी आणि कोकणातलं सुकट एकाच मैदानात विकायला येतात, लोक पंधरवड्याची खरेदी करतात, लेकी माहेरी येतात. घाटाच्या पायथ्याला असण्याचा हा खरा फायदा. वरचा माणूस आणि खालचा माणूस इथे टेकतो. तिसरा नमुना नको असताना मिळालेला. घाटात अपघात झाला की खोपोलीतली तरुण पोरं रात्री-अपरात्री दोर, स्ट्रेचर घेऊन धावतात. त्यांनी बाहेर काढलेली माणसं बहुतेक परगावची असतात. इतकं करून स्थानिकाला गंभीर दुखापत झाली तर रुग्णवाहिका कामोठ्याच्या किंवा नवी मुंबईच्या दिशेनेच निघते.

पायी चालणाऱ्याच्या, थांबणाऱ्याच्या नजरेनं गाव बघा, हे सांगणारे काही मी पहिला नाही. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश गृहस्थ त्याचा प्रमुख होता. हिंदुस्थानातल्या शहरांचे अहवाल लिहिण्यापूर्वी तो गल्ल्यांतून पायी फिरायचा. जुनी वस्ती पाडून सरळ रस्ते काढण्याला त्याचा विरोध होता. जेवढं अडतं तेवढंच हलवा, विहीर आणि झाड राखा, असं तो सांगायचा. अमेरिकेत जेन जेकब्सनं १९६१ च्या पुस्तकात फुटपाथवरच्या वर्दळीलाच शहराची राखण म्हटलं. दोघांची पुस्तकं नगररचनेच्या वर्गात शिकवतात. शिकून बाहेर पडलेले लोक मग फाट्यावर उड्डाणपूल काढतात.

आता शहरच इकडे येऊ घातलं आहे. पनवेल-कर्जत हा सुमारे ३० किलोमीटरचा उपनगरी मार्ग आखला गेला. त्यावरचा वावर्ल्याचा बोगदा अडीच किलोमीटरहून लांब, पारसिकच्या बोगद्याला मागे टाकणारा. चौकला त्यावर स्टेशन आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं आणि त्याच्या आधीपासूनच नेरळपासून खोपोलीपर्यंत प्लॉटच्या पाट्या लागल्या होत्या. डोंगराचा व्ह्यू, नदीचा व्ह्यू, सेकंड होम. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रानं भाताच्या ज्या जाती काढल्या, त्या कर्जत-३ वगैरे वाणांची खाचरं कुंपणात गेली. या घरांना सोमवार ते शुक्रवार कुलूप असतं. वीज आहे, पाणी आहे, रखवालदार आहे आणि रहिवासी नाही. शेजारच्या पाड्यातली बाई तिथे झाडलोट करायला जाते. तेवढा रोजगार झाला, हे मान्य. पण ज्या घराच्या मालकाला गावातली शाळा, दवाखाना आणि सहाची लोकल लागतच नाही, तो त्यांच्यासाठी कधी भांडायला उभा राहणार?

उलट टोकाला माथेरान. पालिकेच्या हद्दीत मोटारीला बंदी, २००३ पासून पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र. तिथल्या रहिवाशांना त्याचा जाच होतो. सिलेंडर महाग पडतो, आजाऱ्याला खाली आणणं जिकिरीचं. माणसानं ओढलेल्या हातरिक्षा तर जितक्या लवकर बंद होतील तितकं बरं. तरीही पोर सांजवेळी एकटं रस्त्यावर खेळतंय आणि आई दारात निर्धास्त आहे, हे दृश्य या दोन तालुक्यांत मला तिथेच दिसतं. खाली मोटारी बंद करा असं कुणी म्हणणार नाही. मोटार नसलेल्याचा दिवस कसा जातो, एवढं तरी विचारावं.

विकास आराखडे प्रसिद्ध झाले की हरकती-सूचना मागवतात. बहुतेक हरकती आपल्या सर्व्हे नंबरवरून रस्ता गेला म्हणून येतात, आणि त्या यायलाच हव्यात. त्यांच्यासोबत आणखी काही लिहून द्यायला कुणाची बंदी नाही. शिळफाट्यावर दोन्ही बाजूंना सलग पदपथ आणि पाळी सुटण्याच्या वेळी माणसांसाठी सिग्नल. शेवळंवाल्या बायकांना गटारापासून दूर, छपराखाली ओटे. खोपोलीच्या लोकलच्या फेऱ्या कारखान्यांच्या तीन पाळ्यांना जुळवून. मोरब्याच्या पाणीपट्टीतला ठरावीक वाटा वरच्या वाड्यांच्या रस्त्याला, विहिरीला आणि दरडीच्या पाहणीला. ही शेवटची मागणी नवी मुंबईच्या महापालिकेकडे करायची की जिल्हाधिकाऱ्यांकडे, यावर कागद वर्षभर फिरेल. अर्ज दोन्हीकडे द्यावा आणि पोच घ्यावी.