पुढे पाठवावेसे का वाटते?

संतोषी मातेच्या किंवा तिरुपती बालाजीच्या नावाने येणारी निनावी पोस्टकार्डे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या पत्रांची रचना आजही तोंडपाठ असेल. आरंभी कुठल्याशा गावी घडलेला एखादा चमत्कार. मग हाच मजकूर स्वहस्ते लिहून अमुक इतक्या लोकांस अमुक दिवसांच्या आत धाडण्याचा हुकूम. पाठोपाठ, ज्याने तो हुकूम पाळला त्यास झालेल्या द्रव्यलाभाचा वृत्तान्त. आणि अखेरीस, ज्याने पत्र फाडून टाकले त्याच्या धंद्याची वा प्रकृतीची झालेली दुर्दशा. घरातील कर्ती माणसे अशा पत्राची चेष्टा करीत; परंतु आजीने गुपचूप पैसे देऊन टपाल कचेरीतून कार्डांचा गठ्ठा आणवावा आणि शाळकरी नातवाला बसवून ती सारी त्याच्याकडून लिहून घ्यावीत, हेही पुष्कळ घरांत घडत असे. त्या मूळ लेखकाला कसलीही वाङ्मयीन प्रतिष्ठा नव्हती, शुद्धलेखन यथातथाच होते. तरीही आपला मजकूर लोकांनी आपण होऊन, पदरचे पैसे खर्चून, पुढे न्यावा कसा, ही विद्या त्याला अवगत होती.

तीच विद्या आज अनेकांना हवी आहे. पापड-लोणची करणारा महिला बचतगट, हौशी नाट्यसंस्थेचा कार्यवाह, तालुक्याच्या वाचनालयाचा ग्रंथपाल, प्रभागातला नवखा उमेदवार, या साऱ्यांची तक्रार एकच असते: पोस्ट टाकतो, लोक पाहतात, अंगठाही देतात, पण शेअर कोणी करीत नाही. त्यावर जे उपाय सुचवले जातात ते बहुधा बाह्यांगाचे असतात. रंग भडक ठेवा, मजकूर आखूड ठेवा, संध्याकाळी अमुक वाजता टाका, हॅशटॅग घाला. हे सारे निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्या माणसाच्या हातून मजकूर पुढे जायचा त्याच्या मनाचा विचार या नुस्ख्यांत कुठेच नसतो, आणि खरी मेख तिथेच आहे.

अर्नेस्ट डिक्टर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये, माणसे एखाद्या वस्तूची शिफारस आपण होऊन का करतात, याची मीमांसा केली होती. सांगणाऱ्याला त्या सांगण्यातून स्वतःला काहीतरी लाभत असल्याखेरीज तो तोंड उघडत नाही, असा तिचा इत्यर्थ. आणि तो लाभ पैशाचा नसून, वस्तूच्या आनंदाचा, आपण जाणकार ठरण्याचा, समोरच्याच्या उपयोगी पडण्याचा, किंवा नुसत्या त्या जाहिरातीच्या गमतीचा असतो. इंटरनेटचा मागमूसही नसताना लिहिलेले हे निदान आजच्या कोणत्याही कौटुंबिक ग्रुपला तंतोतंत लागू पडते. निवृत्त हेडक्लार्क निवृत्तिवेतनाचा नवा शासननिर्णय पाठवतो तेव्हा, सेवेतून बाहेर पडलो तरी कचेरीची बारनिशी अजून आपल्याच नजरेखालून जाते, हे तो जुन्या सहकाऱ्यांस कळवीत असतो. पुण्याची आतेबहीण शिकागोच्या मावसबहिणीला वरीच्या पिठाच्या धिरड्याचा रील धाडते तेव्हा पाककृती हे निमित्त असते, आषाढीचा उपास तुलाही आहे ना, ही विचारपूस खरी असते. सकाळच्या ‘शुभ प्रभात’चे तर याहून सोपे आहे. हळदीकुंकवात मिळालेला ब्लाउजपीस जसा कधीही न शिवला जाता पाच-सात घरे फिरून येतो आणि तरीही प्रत्येक घरी देण्याघेण्याचा व्यवहार पुरा करतो, तसा तो सूर्योदयाचा फोटो कोणी न पाहता पुढे जातो; त्याचे काम, मी आहे आणि तुम्ही माझ्या यादीत आहात, एवढे कळवण्याचे.

सबब, पोस्ट लिहिणाऱ्याने आपल्या वाचकापाशी न थांबता, तो वाचक ती कोणाला पाठवील आणि पाठवताना वर काय लिहील, याचा आधी विचार करावा. ‘आमच्या संस्थेस ५० वर्षे पूर्ण झाली, सर्वांचे आभार’ या मजकुरावर कोणी काय लिहिणार? परंतु त्याच संस्थेने आपल्या पहिल्या नाटकाच्या तिकिटाचे चित्र टाकून, त्या प्रयोगाला कोण कोण हजर होते, असे विचारले, तर ‘बाबा, हा तुमचाच प्रयोग ना?’ ही ओळ वाचकाच्या बोटांवर आपोआप येते. पाठवणाऱ्याला आपले म्हणून एक वाक्य जोडता यावे एवढी जागा मजकुरात मोकळी ठेवणे, हे या लेखनातले निम्म्याहून अधिक कौशल्य आहे.

उरलेला भाग भावनेचा. आणि तिथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. जोना बर्गर आणि कॅथरीन मिल्कमन या अमेरिकन संशोधकांनी २००८ साली सुमारे तीन महिने ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जवळजवळ ७,००० लेखांचा माग घेतला, त्यांपैकी कोणते लेख वाचकांनी ईमेलने एकमेकांस सर्वाधिक पाठवले ते तपासले, आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विस्मय, संताप आणि चिंता जागवणारे लेख पुढे गेले. खिन्न करणारे लेख वाचकापाशीच थबकले. एकंदरीत, उल्हासाचा मजकूर विषादाच्या मजकुरापेक्षा अधिक फिरला, उपयुक्त आणि अनपेक्षित माहितीचाही प्रवास चांगला झाला. कारण शरीराशी निगडित असावे: विस्मयाने आणि संतापाने माणूस ताठ उठून बसतो, दुःखाने तो आत मिटतो. बर्गर यांनी एका स्वतंत्र प्रयोगात काही जणांना मिनिटभर जागच्या जागी धावायला लावले आणि काहींना स्वस्थ बसवले. मग दोन्ही गटांना तोच साधासुधा लेख दिला, तेव्हा धावलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी तो पुढे पाठवला, बसलेल्यांपैकी एक-तृतीयांशांनी. लेखात काही नव्हते; जे होते ते धडधडत्या छातीत होते. संतापाचे भांडवल करणाऱ्यांना हे शास्त्र न वाचताच साधलेले आहे. विस्मय उत्पन्न करायला मात्र कष्ट पडतात, आणि म्हणूनच तो दुर्मीळ असतो.

कष्ट घेतल्याचे एक उत्तम उदाहरण मुंबईच्या पोलिसांनी घालून दिले. सरकारी जाहीर सूचनेची भाषा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे: ‘सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते की’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य तिसऱ्या ओळीपर्यंत कोणी नेटाने वाचले तर तो स्वतः संबंधित असावा किंवा वकील. मुंबई पोलीस डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर आले आणि त्यांनी ती भाषा बाजूला ठेवून शाब्दिक कोट्यांची आणि चालू चित्रपटांच्या संदर्भांची भाषा उचलली. पुढे ३१ जानेवारी २०२० रोजी त्यांनी एक छोटी चित्रफीत प्रसृत केली. आदल्या वर्षाच्या अखेरीस शहरातील मोजक्या चौकांत, सिग्नलच्या खांबांना आवाज मोजणारी यंत्रे जोडण्यात आली होती. लाल दिव्याचे आकडे उतरत येतात, मागच्या गाड्या सवयीने हॉर्न वाजवू लागतात, यंत्रावरचा आकडा ८५ डेसिबलची मर्यादा ओलांडतो, आणि उतरत आलेले सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जाऊ लागतात. फलकावर, हॉर्न वाढवाल तर थांबणेही वाढेल, अशी सूचना. चालकांच्या चेहऱ्यांवर प्रथम गोंधळ, मग संशय, आणि शेवटी एकमेकांस गप्प करण्याची घाई.

ही चित्रफीत मुंबईबाहेरही वेगाने फिरली, हिंदमाता किंवा पेडर रोड कधी न पाहिलेल्यांनीही ती पाठवली, आणि सोबत बहुधा एकाच आशयाची ओळ जोडली: आमच्याकडे हे कधी? हॉर्नचा त्रास प्रत्येकाने सोसलेला, आणि तो देणाऱ्याला जागच्या जागी, दंडाच्या पावतीवाचून, त्याच्याच हाताने शिक्षा झालेली. एवढा चोख न्याय रोजच्या आयुष्यात क्वचित दिसतो, म्हणून विस्मय. शिवाय पाठवणाऱ्याला पोलिसांचे कौतुक, शेजाऱ्याला टोमणा, महापालिकेकडे मागणी, यांपैकी हवे ते त्यात भरता येत होते. ध्वनिप्रदूषणाच्या दुष्परिणामांवर त्यात एकही व्याख्यान नव्हते, याचा उल्लेख जनजागृती करणाऱ्या मंडळींसाठी मुद्दाम करतो.

कृतीत सहभागी करून घेणे, हा याच्याही पुढचा टप्पा. २०१४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत एएलएस या असाध्य मज्जारोगाच्या संशोधनासाठी बर्फाळ पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेण्याचे जे आव्हान पसरले, त्याच्या १ कोटी ७० लाखांहून अधिक चित्रफिती फेसबुकवर आल्या आणि तेथील एएलएस असोसिएशनकडे सुमारे साडेअकरा कोटी डॉलर जमा झाले. त्याचा सांगाडा पाहिला तर तो थेट पोस्टकार्डाचाच आहे. तीन जणांची नावे घ्यायची, २४ तासांची मुदत द्यायची. फक्त देवीच्या कोपाच्या जागी चारचौघांतील भीड आली, आणि आज्ञा पाळणारा भेकड न ठरता उदार ठरला. याउलट, नुसती आज्ञा उरलेली पोस्ट आता कोणी जुमानत नाही. ‘लाइक करा, टॅग करा, शेअर करा’ अशी याचना करणाऱ्या मजकुराला फेसबुकने डिसेंबर २०१७ पासून मागे ढकलण्यास आरंभ केला.

येथवरचे विवेचन मजकूर पुढे जावा कसा याचे झाले. पण पुढे गेलेल्या मजकुराचे वाटेत काय होते, याची जबाबदारी कोणाची? ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी १९४७ च्या आपल्या अफवाविषयक ग्रंथात दाखवून दिले होते की पाच-सहा तोंडे फिरेपर्यंत मूळ हकिकतीतील सुमारे ७० टक्के तपशील गळून पडतो, आणि उरलेला अधिक टोकदार होतो. मोबाईलवर तो गळत नाही, कापला जातो. कराचीतील एका बालसंरक्षण संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी एक चित्रफीत बनवली होती: मोटारसायकलवरचे दोघे गल्लीतले मूल उचलून नेतात, आणि शेवटी परत आणून सोडतात, व मूल पळवायला क्षणच पुरतो अशा अर्थाचा फलक दाखवतात. २०१८ साली भारतभर फिरलेल्या तिच्या प्रतीत तो शेवट नव्हता. उरले ते केवळ अपहरण. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अशाच अफवांनी पेटलेल्या वातावरणात, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मंगळवेढ्याकडून भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकवार फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आली, आणि त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले.

खोट्याला पाय अधिक असतात, हेही मोजून झालेले आहे. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार वार्ता-शृंखलांचा अभ्यास ‘सायन्स’ नियतकालिकात २०१८ साली आला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याचा संभव ७० टक्क्यांनी अधिक आढळला, आणि दीड हजार लोकांपर्यंत पोहोचण्यास सत्याला सुमारे सहापट वेळ लागला. दोष यंत्रमानवी खात्यांवर ढकलण्याची सोय राहिली नाही, कारण ती खाती खरे-खोटे सारख्याच वेगाने पसरवीत होती. पक्षपात माणसांचा होता, कारण खोटे अधिक नवलाईचे असते. आपल्याकडे पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या नावे जे सुविचार फिरतात, त्यांतील किती त्यांच्या पुस्तकांत सापडतील याची रुजुवात कोणी घातली तर मोठी करमणूक होईल.

म्हणून सज्जनपणाने पोस्ट लिहिणाऱ्याने, तिचा कोणताही भाग कापला गेला तरी ती खोटी पडणार नाही, अशा बेताने ती घडवावी. रक्ताच्या तातडीच्या गरजेचा संदेश घ्या. ‘अर्जंट! लहान मुलासाठी बी निगेटिव्ह रक्त हवे आहे, कृपया जास्तीत जास्त शेअर करा’ एवढ्यावर तो सुटतो. गाव नाही, तारीख नाही. ते मूल बरे होऊन शाळेत जाऊ लागले तरी संदेश कोल्हापूरहून नांदेडला, तिथून बेळगावला फिरतच राहतो, आणि खालच्या क्रमांकावर त्या बिचाऱ्या बापाला अपरात्री फोन येत राहतात. तोच मजकूर असा लिहिता येतो: प्रथम गाव आणि रुग्णालय, लगेच वार, तारीख आणि कोणत्या वेळेपर्यंत गरज आहे ते, मग रक्तगट आणि पिशव्यांची संख्या, आणि या वेळेनंतर पाठवू नये ही सूचना त्याच वाक्यात. तारीख वेगळ्या ओळीत टाकू नये. रक्तगटाला चिकटून असावी, म्हणजे एक खोडताना दुसरे खोडले जाईल. चित्र करायचे असेल तर हे सारे चित्रावरच उमटवावे, खालच्या ओळींत ठेवू नये, कारण त्या ओळी वाटेत सुटतात. हरवलेल्या मुलाच्या फोटोचेही तेच: मूल सापडताच मूळ पोस्ट काढून टाकून भागत नाही, तोच फोटो ‘सापडला’ असे ठळक आडवे लिहून त्याच ग्रुपांवर, ज्यांनी आधीचा पुढे पाठवला त्यांना नावाने सांगून, पुन्हा टाकावा लागतो.