शिबिर संपल्यानंतरचा बाविसावा दिवस

वर्धमाननगर, लकडगंज, इतवारी, गांधीबाग या आपल्या वस्त्यांना व्यायामाची शिबिरे आता नवी राहिलेली नाहीत. कुठे एकवीस दिवसांचा योगवर्ग, कुठे चाळीस दिवसांचे वजन उतरविण्याचे शिबिर, तर कुठे २१ जूनच्या योगदिनाच्या निमित्ताने सुरू झालेला प्रभातवर्ग. भवनाच्या सभागृहात पहाटे सतरंज्या अंथरल्या जातात आणि एरवी गादीवरून न हलणारी माणसे वेळेच्या आधी हजर होतात. समारोपाच्या दिवशी उतरलेल्या वजनाचे आकडे वाचून दाखविले जातात, टाळ्या होतात, प्रशस्तिपत्रे वाटली जातात. दुसऱ्या दिवशी सभागृह लग्नाला दिलेले असते आणि प्रशिक्षक दुसऱ्या वस्तीत गेलेले असतात. घरोघरी पाचचा गजर वाजतो आणि हात लांबवून तो बंद केला जातो.

या बाविसाव्या दिवसाचा विचार शिबिराचे आयोजन करणारेही क्वचितच करतात. शिबिरात आपला व्यायाम आपण करतो, पण त्याची व्यवस्था दुसरे कोणीतरी पाहत असते. वेळ त्यांनी ठरविलेली, जागा त्यांनी झाडलेली, कशानंतर काय करायचे हेही त्यांनीच सांगायचे आणि शेजारच्या सतरंजीवर ओळखीचा चेहरा. शिबिर संपले की हे सारे एकाच दिवशी निघून जाते. मग माणूस स्वतःला आळशी ठरवितो. आमच्या मते यात आळसाचा भाग थोडा आणि व्यवस्थेच्या अभावाचा अधिक आहे.

कमावलेली शक्ती किती दिवस टिकते, याचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडलेला आहे. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीर्घकाळ कसून सराव केलेल्या सात जणांना सराव पूर्ण थांबवायला सांगितले गेले. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजेच आपण ज्याला दम म्हणतो तो, पहिल्या तीन आठवड्यांतच सुमारे ७ टक्क्यांनी घसरला आणि तीन महिन्यांच्या आत ही घट १६ टक्क्यांवर जाऊन स्थिरावली. ही मुरलेल्या खेळाडूंची स्थिती. एकवीस दिवसांत जे कमावले ते तर त्याहूनही कच्चे असते.

डॅलस येथील प्रयोग याहून बोलका आहे. १९६६ साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तेथे तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवण्यात आले. तीस वर्षांनी, ते पन्नाशीला आल्यावर, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांच्या दमाची जितकी हानी केली होती, त्याहून अधिक हानी तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने झाली होती. दिवसाचे दहा-बारा तास पेढीवर बसून काढणाऱ्याने हा प्रयोग ध्यानात ठेवावा. त्याच पाच जणांना पन्नाशीत सहा महिने बेताबेताने व्यायाम दिल्यावर त्यांचा दम जवळजवळ तरुणपणीच्या पातळीवर परतला, हेही तितकेच ध्यानात ठेवावे.

आता मुद्दल टिकविण्यासाठी किती भरणा करावा लागतो ते पाहू. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने १९८० च्या दशकाच्या आरंभी यावर एकामागून एक प्रयोग केले. दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज चाळीस मिनिटे कसून व्यायाम करून घेतल्यावर त्यांनी काहींचे दिवस सहावरून चारवर आणि काहींचे दोनवर आणले. पंधरा आठवड्यांनंतरही दोन्ही गटांचा दम टिकून होता. दुसऱ्या प्रयोगात दिवस तेच ठेवून वेळ चाळीस मिनिटांवरून सव्वीस व तेरा मिनिटांपर्यंत कमी केला, तरीही दमाची कमाल पातळी राहिली. तिसऱ्या प्रयोगात दिवस आणि वेळ पूर्ववत ठेवून केवळ जोर कमी केला आणि तेव्हा मात्र कमाई ओसरू लागली.

आपण नेमके याच्या उलट करतो. शिबिर संपल्यावर ‘रोज थोडे फिरतो’ म्हणून सुरुवात होते. ते फिरणे गप्पांच्या चालीवर येते आणि तासभर चालूनही कपाळावर घाम दिसत नाही. फुटाळ्याच्या काठी किंवा अंबाझरीला तासभर रेंगाळण्यापेक्षा घराजवळच्या बागेत आठवड्यातून तीन दिवस पंचवीस मिनिटे अशा वेगाने चालावे, की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. ते अधिक टिकते. ज्यांना हृदयविकार वा उच्च रक्तदाब आहे, त्यांनी हा जोर किती असावा ते आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

स्नायूंच्या बळाचे गणित थोडे निराळे आहे. अमेरिकेतील अलाबामा येथे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोळा आठवडे वजनांचा व्यायाम केलेल्यांचा सराव पुढे बत्तीस आठवडे एक-तृतीयांश किंवा एक-नवमांशावर आणला गेला. बळ तरुणांचेही राहिले आणि साठी ओलांडलेल्यांचेही. स्नायूंचा आकार मात्र तरुणांनी तेवढ्या अल्प सरावावर राखला, ज्येष्ठांना तो राखता आला नाही. तरुण मुलाला आठवड्यातून एकदा पुरेल ते आजोबांना पुरणार नाही, हा त्याचा सरळ अर्थ. घरात मात्र बहुधा उलटी वाटणी असते. नातू व्यायामशाळेत जातो आणि आजोबांना ‘आता वय झाले, बसून राहा’ असे प्रेमाने सांगितले जाते. सामायिकाला जमिनीवर बसायचे आणि ४८ मिनिटांनी हाताचा आधार न घेता उठायचे, एवढे बळ तरी मांड्यांत राहावे असे वाटत असेल, तर खुर्चीतून उठण्या-बसण्याचे दहा-दहा आवर्तनांचे दोन फेर, आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस, ज्येष्ठांनीच करायला हवेत.

बाविसाव्या दिवसाच्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच शहरात फार पूर्वी दिले गेले आहे. कोकणातून आलेले जनार्दनस्वामी नागपुरात स्थिरावले आणि १९५१ साली येथे योगाभ्यासी मंडळाची स्थापना झाली. रामनगरातील हे मंडळ नागपूरकरांना परिचित आहे. स्वामींनी घरोघर जाऊन आसने शिकविली आणि त्यासाठी मोबदला घेतला नाही. वर्ग विनामूल्य ठेवण्याची ती रीत मंडळाने पुढेही जपली. आपल्या शक्तीनुसार आणि खंड न पाडता अभ्यास करावा, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा. शक्तीनुसार आणि खंड न पाडता या दोन अटी एकत्र का घातल्या असाव्यात, हे हिक्सनचे प्रयोग वाचल्यावर अधिक उमगते. शक्तीबाहेर केलेले निरंतर चालत नाही.

या मंडळाकडून घेण्यासारखी मुख्य गोष्ट अशी की तेथे शिकलेला साधक पुढे आपल्या वस्तीत शिकवू लागतो. शिकविणाऱ्याला खाडा करता येत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपराही याच जातीची आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आलेली ही संस्था उन्हाळी वर्गांतून व्यायामशिक्षक घडवीत आली. उन्हाळा संपला तरी शिकलेला माणूस गावी परतून इतरांना शिकवू लागला, की वर्ग संपत नाही.

तेव्हा शिबिराच्या आयोजकांना एक सूचना करावीशी वाटते. समारोपाच्या खर्चातून थोडे वाचवावे आणि शेवटच्या आठवड्यात सत्तर जणांचे इमारतीनुसार, गल्लीनुसार चार-पाच जणांचे गट पाडावेत. प्रत्येक गटातील एकाला क्रम पाठ करवून घ्यावा आणि शेवटचे दोन दिवस प्रशिक्षकाने मागे उभे राहून त्यालाच वर्ग घ्यायला लावावा. हजेरीसाठी एक वही ठेवावी. रोजमेळ लिहिल्याशिवाय दुकान न मिटणाऱ्या समाजाला हे शिकवायला नको. लंडनमधील एका अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात आढळले. एकवीस दिवसांत सवय पक्की होते, ही समजूत मनातून काढून टाकलेली बरी.

घरातील स्त्रियांविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण त्यांचा बाविसावा दिवस अधिक कठीण असतो. शिबिर हे सुनेला घराबाहेर एक तास मिळण्याचे मान्य कारण होते. सासूबाईही सोबत होत्या, फी भरलेली होती, म्हणून त्या वेळी चहाची हाक कोणी मारीत नव्हते. शिबिर संपले की ‘घरीच करा ना’ असे सांगितले जाते आणि घरी सतरंजी अंथरली की दाराची घंटा वाजते. सकाळ नवकारशी आणि डब्यांत जाते, तर चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वी सर्वांची जेवणे व्हायची म्हणून चारपासून स्वयंपाकघर सुरू होते. पुरुषाला दुकान उघडण्यापूर्वीचा तास आपसूक मिळतो, स्त्रीला तो कोणीतरी द्यावा लागतो. आठवड्यातील तीन सकाळी मुलांचे डबे कोण भरणार, हे घरातील कर्त्याने ठरवून द्यावे. भारतातील प्रौढांपैकी जवळपास निम्मे लोक पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक आहे, असा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीचा निष्कर्ष आहे. घरकामात दिवसभर उभे राहणे निराळे आणि श्वास वाढविणारा व्यायाम निराळा, हे त्यामागचे एक कारण आम्हांला दिसते.

आहाराचा प्रश्नही शिबिरानंतरच डोके वर काढतो. प्रशिक्षक जाताना एक तक्ता देऊन जातात. त्यात अंडी असतात, मोड आलेली कडधान्ये असतात, रात्री नऊचे दूध असते. आपल्यापैकी अनेक घरांत यातले काहीच चालत नाही आणि तक्त्याबरोबर व्यायामही बाजूला पडतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. मूग, मटकी, हरभरा, तूरडाळ, दूध, पनीर यांतून ती सहज भरून निघतात. शंभर ग्रॅम कोरड्या मुगातच सुमारे २४ ग्रॅम असतात. मोड न आणता भिजवून शिजविलेले मूग त्यासाठी पुरेसे आहेत. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी कच्चे दही डाळीबरोबर न घेता दुसऱ्या वेळी घ्यावे, म्हणजे दोन्ही जेवणांत प्रथिनांची वाटणी आपोआप होते. सूर्यास्तापूर्वीचे जेवण मात्र केवळ खाखरा आणि चहावर उरकू नये.

खंड पडणारच. पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्याने त्या दिवसांत जोराचा व्यायाम करू नये. हलके चालणे पुरे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर उपवासापूर्वी डॉक्टरांशी बोलून मगच निर्णय घ्यावा. पारण्यानंतर पहिले तीन-चार दिवस पचन रुळावर येऊ द्यावे. दिवाळीच्या हंगामात रात्री अकरापर्यंत दुकान असते, लग्नसराईतही तेच. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा सहानंतर बाहेर चालणे नागपुरात शहाणपणाचे नाही. वर्षातील अडीच-तीन महिने असे जाणार, हे आधीच धरून चालावे आणि त्या काळासाठी आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटांचा जिना किंवा सूर्यनमस्कार एवढाच नेम ठेवावा. परत सुरू करताना पूर्वीच्या निम्म्यावरून आरंभ करावा. नॉर्वेतील संशोधकांना उंदरांच्या स्नायूंत २०१० साली असे आढळले, की व्यायामाने स्नायूतंतूंत वाढलेली केंद्रके, स्नायू पुन्हा बारीक झाला तरी, दीर्घकाळ तशीच राहतात. एकदा कमावलेले दुसऱ्यांदा लवकर परतते, हा अनुभव अनेकांना आहेच.

‘वजन’ हे ध्येय शिबिराबरोबर संपते, म्हणून दुसरे काहीतरी समोर असावे. आपल्या घरांत ते आयतेच असते. सम्मेदशिखरजीची वंदना म्हणजे सुमारे ९ किलोमीटर चढ, तितकीच टोकांची परिक्रमा आणि तितकाच उतार, मिळून २७ किलोमीटर. तेही अनवाणी, मध्यरात्रीनंतर निघून. शत्रुंजयाच्या पायऱ्या साडेतीन हजारांच्या वर आहेत. नागपूर सपाट शहर आहे, इथे चढाचा सराव मुद्दाम शोधावा लागतो. सेमिनरी हिल्सचा चढ आहे, सवडीच्या रविवारी रामटेकचा गड आहे, शांतिनाथांचे दर्शनही त्याच फेरीत होते. रोजच्यासाठी इमारतीचा जिना उत्तम. एका मजल्याला वीस पायऱ्या धरल्या तर शत्रुंजयाचे साडेतीन हजार म्हणजे १७५ मजले. सहा महिने आधी आठवड्यातून तीनदा दहा मजल्यांपासून सुरुवात करून दर पंधरवड्याला पाच-पाच मजले वाढविले, तर शेवटी सत्तरपर्यंत पोहोचता येते आणि डोंगरावर विश्रांती घेत चढणाऱ्याला तेवढी तयारी पुष्कळ होते. यात्रेकरूंचे पाय खरे दुखतात ते उतरताना, कारण तेव्हा मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि त्याची सवय सपाट चालण्याने होत नाही. म्हणून सरावात लिफ्टने वर जाऊन केवळ जिन्याने उतरण्याचेही काही दिवस ठेवावेत. निघण्यापूर्वीच्या शेवटच्या आठवड्यात मात्र हे उतरणे थांबवावे, नाहीतर दुखऱ्या मांड्या घेऊनच गाडीत बसावे लागेल.